अमेरिकन शिष्टाचार ऑस्ट्रेलियात कुठे अडतो: ऑफिसच्या मीटिंगपासून घरच्या बार्बेक्यूपर्यंतचे मार्गदर्शन

न्यू जर्सीत सात वर्षे नोकरी करून मी मेलबर्नला आले, तेव्हा भाषा तीच, कामही तेच, त्यामुळे नव्याने शिकण्यासारखे फारसे काही असणार नाही अशी माझी समजूत होती. पुढे मूळ अमेरिकन कंपनीकडून येणारे सहकारी आणि इथली स्थानिक मंडळी यांच्यामध्ये बसून काम करताना ती समजूत पार पुसली गेली. दोन्हीकडची माणसे कामात वाकबगार आणि मनाने सरळ होती. तरीही महिनाभरात कुठेतरी माशी शिंकायची, आणि नेमके काय बिनसले हे दोघांनाही सांगता यायचे नाही. अमेरिकेत वाढलेल्या किंवा माझ्यासारख्या तिथे मुरलेल्या, आणि आता ऑस्ट्रेलियन माणसांबरोबर काम करायला निघालेल्या वाचकासाठी हा लेख आहे.

अमेरिकेत समोरच्याविषयीचा आदर बहुधा मोकळ्या कौतुकातून आणि उत्साहातून व्यक्त होतो, आणि स्वतःचे काम ठामपणे मांडणे हाही समोरच्याच्या वेळेचा मान राखण्याचाच भाग समजला जातो. ऑस्ट्रेलियात आदर बरोबरीतून व्यक्त होतो. कोणी कोणाच्या वर नाही, हे बोलण्यातून, बसण्याउठण्यातून आणि पैसे देण्यातून सतत जाणवू देणे, हा इथल्या शिष्टाचाराचा गाभा आहे. २०२१च्या जनगणनेनुसार इथले २७.६ टक्के लोक देशाबाहेर जन्मलेले आहेत, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरची व्यक्ती हनोईची किंवा नागपूरची असू शकते. पण ऑफिसचा सामाईक रिवाज मात्र बव्हंशी हाच आहे.

१. निघण्यापूर्वी घड्याळ आणि दिनदर्शिका जुळवून घ्या

न्यूयॉर्क आणि सिडनी यांच्यातला वेळेचा फरक वर्षभर सारखा राहत नाही. दोन्हीकडे ऋतू उलटे असल्यामुळे घड्याळे उलट्या काळात पुढेमागे होतात आणि फरक १४ ते १६ तासांमध्ये हलतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की न्यूयॉर्कचा शुक्रवारचा कामाचा दिवस सुरू होतो, तेव्हा सिडनीत शुक्रवारची रात्र झालेली असते किंवा शनिवार लागलेला असतो. शुक्रवारी दुपारी ‘छोटासा कॉल’ ठेवणारा अमेरिकन व्यवस्थापक समोरच्याची शनिवारची पहाट मागत असतो, आणि ही गोष्ट इथे लक्षात ठेवली जाते. न्यूयॉर्कची सोमवार ते गुरुवारची संध्याकाळ, म्हणजे सिडनीची मंगळवार ते शुक्रवारची सकाळ, ही खरी सोयीची वेळ. तीही जमत नसेल, तर गैरसोय आलटून पालटून वाटून घ्या. एका महिन्यात तुम्ही रात्री बसा, पुढच्या महिन्यात ते बसतील. क्वीन्सलँडमध्ये घड्याळ बदलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात ब्रिस्बेन सिडनीच्या एक तास मागे असते, हेही टिपून ठेवा.

आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असे चालते. नाताळ भर उन्हाळ्यात येतो आणि त्यानंतर जानेवारीचा बराच काळ ऑफिसे अर्धी रिकामी असतात, म्हणून तेव्हा निर्णय मागू नयेत. तारीख आपल्याकडच्यासारखी, आधी दिवस मग महिना अशी लिहितात. ५/६ म्हणजे ५ जून. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार हा मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीचा दिवस. त्या दिवशी मेलबर्नमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि इतर शहरांतही दुपारी कामे थबकतात.

२. थोडे शब्द आधीच शिकून घ्या

सगळी बोली शिकण्याची गरज नाही, पण काही शब्दांनी खरोखर घोटाळा होतो. एखादा विषय ‘टेबल’ करणे याचा अर्थ अमेरिकेत तो पुढे ढकलणे, तर इथे तो चर्चेला मांडणे. एकाच मीटिंगमधून दोन बाजू नेमके उलटे अर्थ घेऊन उठू शकतात. संघाला पाठिंबा देण्यासाठी अमेरिकन माणूस सहज ‘रूट’ हे क्रियापद वापरतो. इथे त्याचा अर्थ शरीरसंबंध असा होतो, म्हणून ‘बॅरॅक’ म्हणावे. कमरेच्या पिशवीला ‘फॅनी पॅक’ न म्हणता ‘बम बॅग’ म्हणावे, कारण ‘फॅनी’ हा शब्द इथे स्त्रीच्या अवयवासाठी असभ्य म्हणून वापरला जातो. ‘थाँग्ज’ म्हणजे रबरी चपला. ‘पिस्ड’ म्हणजे चिडलेला नव्हे, तर दारू चढलेला. हॉटेलात ‘ऑन्ट्रे’ मागवल्यास मुख्य जेवण नव्हे, त्याआधीचा छोटा पदार्थ येतो. कोणी ‘टी’ला बोलावले तर रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण असू शकते, वेळ विचारून घ्यावी. ‘या, नाह’ म्हणजे नाही आणि ‘नाह, या’ म्हणजे हो. शेवटचा शब्द धरावा.

उच्चारांची नक्कल मात्र करू नका. अमेरिकन पाहुणे प्रेमाने ‘श्रिम्प ऑन द बार्बी’ म्हणतात आणि समोरचा कसनुसा हसतो. ते वाक्य पॉल होगन यांच्या १९८४च्या, खास अमेरिकन प्रेक्षकांसाठी केलेल्या पर्यटन जाहिरातीमुळे प्रसिद्ध झाले. इथे कोळंबीला ‘प्रॉन’ म्हणतात.

३. पहिली ओळख: कमी बोला, आणि कमी बोलणाऱ्याला कमी लेखू नका

आमच्याकडे आलेल्या एका अमेरिकन व्यवस्थापकाची पहिली मीटिंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यांनी आपले विद्यापीठ, आधीच्या दोन कंपन्या, सांभाळलेल्या टीमचा आकार आणि मिळालेला पुरस्कार असे सगळे चार-पाच मिनिटांत सांगितले आणि ‘अशा अफलातून टीमबरोबर काम करायला मिळते आहे याचा मला विलक्षण आनंद आहे’ असे म्हणून थांबले. अमेरिकेत ही ओळख उत्तम ठरली असती. इथे टेबलाभोवतीच्या माणसांनी आपापल्या कॉफीच्या कपांकडे पाहिले. मग एका सहकारी बाईंनी स्वतःची ओळख करून दिली: नाव, आणि ‘मी पेमेंटकडचे थोडेफार बघते’. कंपनीची संपूर्ण पेमेंट व्यवस्था त्यांनी उभी केली होती. त्या व्यवस्थापकांनी ‘थोडेफार’ हा शब्द जसाच्या तसा घेतला आणि पेमेंटविषयीचे प्रश्न पुढचे दोन आठवडे दुसऱ्याच माणसाला विचारले.

चूक दोन्ही दिशांनी झाली, हे इथे महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियन माणूस स्वतःविषयी बोलताना पट्टी मुद्दाम खाली लावतो आणि ऐकणारे ती मनात वर चढवून घेतात. अमेरिकन माणूस पट्टी वर लावतो आणि तिथले ऐकणारे ती मनात थोडी उतरवून घेतात. दोघे समोरासमोर आले की अमेरिकन माणूस बढाईखोर ठरतो आणि ऑस्ट्रेलियन माणूस नवशिका वाटतो. म्हणून पहिल्या दिवशी नाव, कामाचे स्वरूप आणि ‘मला इथले शिकायचे आहे’ एवढेच सांगावे. तुमचा अनुभव दुसऱ्या कोणाकडून कळू द्यावा. आणि कोणी ‘थोडेफार’, ‘जरासे’, ‘हात लावला होता एकदा’ असे म्हटले, की नंतर त्याच्याजवळ बसून नेमके काय केले ते विचारावे.

सर्वांना पहिल्या नावाने हाक मारतात, अगदी कंपनीच्या प्रमुखालाही. ‘हाउ यू गोइंग?’ याला ‘गुड, थँक्स, यू?’ एवढे उत्तर पुरे. शनिवार-रविवार कसा गेला यावरच्या दोन-चार वाक्यांना मात्र वेळ द्यावा. थेट अजेंड्यावर उडी मारणे उद्धटपणाचे दिसते. मेलबर्नमध्ये फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, सिडनी-ब्रिस्बेनकडे बहुधा रग्बी लीग; कोणता संघ निवडावा असे सहकाऱ्यांनाच विचारले, की पुढचा अर्धा तास ते तुम्हाला पटवण्यात घालवतात.

४. कौतुक, विरोध आणि फिरकी

‘टॉल पॉपी’ हा शब्दप्रयोग इथे वारंवार ऐकू येतो: बाकीच्या फुलांपेक्षा उंच डोके काढणारे पॉपीचे फूल छाटले जाते. यशाचा इथे राग आहे असे मात्र नव्हे. खेळाडूंवर हा देश जीव टाकतो. राग आहे तो भाव खाण्याचा. वार्षिक मूल्यमापनात किंवा मुलाखतीत आपले काम जरूर सांगावे, पण आकडे आणि घटना सांगून विशेषणे गाळावीत, आणि ज्यांच्यामुळे काम झाले त्यांची नावे आधी घ्यावीत.

कौतुकाचे माप इथे लहान असते. ‘नॉट बॅड’ म्हणजे काम आवडले. ‘नॉट बॅड अॅट ऑल’ म्हणजे फारच आवडले. प्रत्येक ईमेलला ‘ऑसम’ आणि ‘अमेझिंग’ लावत गेलात तर दोन आठवड्यांत त्या शब्दांची किंमत उरत नाही, आणि खरेच मोठे काम झाले तेव्हा बोलायला शब्द सापडत नाहीत. नेमके काय आवडले ते एका वाक्यात, शक्यतो त्या व्यक्तीला एकटे गाठून सांगितलेले अधिक पोहोचते.

विरोध मात्र सरळ होतो. नोकरीत नुकताच लागलेला मुलगा भर मीटिंगमध्ये वरिष्ठाला ‘मला नाही वाटत हे चालेल’ असे म्हणू शकतो आणि ते उद्धटपणाचे समजले जात नाही. त्यावर अधिकार दाखवू नका, ‘का?’ एवढेच विचारा. उलट वरिष्ठाची आज्ञा बऱ्याचदा विनंतीच्या रूपात येते. ‘वेळ मिळाला की यावर नजर टाकशील का?’ हे खरोखर ऐच्छिक आहे की शुक्रवारपर्यंत हवे आहे, हे विचारून घेण्यात कमीपणा नाही.

फिरकी घेणे हा मैत्रीचा पहिला टप्पा आहे. तुमच्या नव्या बुटांवरून, उच्चारांवरून किंवा भल्यामोठ्या पाण्याच्या बाटलीवरून टोमणा आला, तर आपल्याला गटात घेतले जात आहे असे समजावे आणि हसून एखादे हलके उत्तर द्यावे. स्वतः सुरुवात करण्याची घाई नको. आधी काही आठवडे कशावर बोलतात आणि कशावर बोलत नाहीत ते पाहावे. ऑफिसात शिव्याही कानावर पडतील, पण नव्या माणसाने त्या उचलू नयेत. वंश, शरीर किंवा धर्म यांवरची टिंगल इथेही फिरकीत मोडत नाही; ती झाली तर ‘हे मला आवडले नाही’ असे सरळ सांगावे, तेच इथल्या रीतीला धरून आहे.

५. सुट्टी आणि कामानंतरचा वेळ

अमेरिकेत पगारी सुट्टी देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे सुट्टी घेताना तिथे मनात थोडा अपराधीपणा असतो. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला चार आठवडे पगारी रजा कायद्याने मिळते, त्याशिवाय दहा दिवसांची आजारपणाची व घरच्यांच्या देखभालीची रजा. कोणी तीन आठवडे सलग गेला तर त्याची कामावरची निष्ठा मोजू नका, आणि रजेवर असलेल्या माणसाला फोन करू नका.

२६ ऑगस्ट २०२४पासून ‘राइट टू डिसकनेक्ट’ लागू झाला आणि वर्षभरानंतर तो लहान व्यवसायांनाही लागू झाला. कामाच्या वेळेबाहेर आलेला फोन किंवा संदेश न पाहण्याचा आणि उत्तर न देण्याचा कर्मचाऱ्याला हक्क आहे, मात्र तसे करणे गैरवाजवी ठरता कामा नये. संदेश पाठवण्यावर बंदी नाही. तरीही अमेरिकेतून लिहिताना ‘तुमच्या सकाळी बघितले तरी चालेल’ ही ओळ घालण्याची सवय लावा. आणखी एक गोष्ट व्यवस्थापकांसाठी: कारण न देता तडकाफडकी काढून टाकणे ही अमेरिकी पद्धत इथे चालत नाही. नोटीस आणि अन्यायकारक बडतर्फीविरुद्धचे संरक्षण यांची नीट माहिती करून घेतल्याशिवाय त्या भाषेत बोलूही नये.

६. पबमध्ये: ‘शाउट’ची पाळी

मराठी कॉलेजांतला टीटीएमएम, म्हणजे तुझे तू आणि माझे मी, हा नियम अमेरिकेतही बराचसा चालतो. ऑस्ट्रेलियन पबमध्ये मात्र ‘शाउट’ चालतो: एक जण सर्वांसाठी पेये आणतो, ती संपत आली की दुसरा उठतो, मग तिसरा. पाळी न चुकवणे हा इथल्या सामाजिक वागण्यातला जवळजवळ सर्वांत कडक नियम आहे.

एका शुक्रवारी आम्ही चौघे जण बसलो होतो. अमेरिकेहून आलेल्या आमच्या सहकाऱ्याने तिघांनी आणलेली तीन पेये आनंदाने घेतली, मनापासून आभार मानले, आणि चौथी फेरी त्याची असताना घड्याळ पाहून सर्वांचा निरोप घेतला. त्याच्या मनात काही नव्हते. त्याला वाटले, लोक आग्रहाने पाहुणचार करत आहेत. कोणी काही बोलले नाही. तो गेल्यावर शेजारचा म्हणाला, ‘बरं’, आणि उठून फेरी घेऊन आला. त्या एका ‘बरं’मध्ये सगळे आले होते.

म्हणून कोणी ‘माय शाउट’ म्हणाला, की आपण त्या फेरीत सामील झालो असे धरावे. लवकर निघायचे असेल तर पहिली किंवा दुसरी फेरी आपण घ्यावी. फेरीत राहायचेच नसेल तर सुरुवातीलाच ‘मी माझे घेतो, एकच घेऊन निघणार आहे’ असे सांगावे. ते कोणाला खटकत नाही. दारू न घेणाऱ्यालाही फेरी चुकत नाही. मी सोडा-लाइम घेते आणि माझ्या पाळीला इतरांची बिअर आणते, आणि आजवर कोणी मला त्यावरून आग्रह केलेला नाही. मेलबर्नमध्ये बिअरचा नेहमीचा ग्लास ‘पॉट’, २८५ मिलिलिटर. सिडनीत ‘स्कूनर’, ४२५ मिलिलिटर. गाडी चालवण्यासाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.०५ आहे, तर अमेरिकेत बहुतेक राज्यांत ती ०.०८ आहे. पोलीस कुठेही गाडी थांबवून श्वासचाचणी घेतात, त्यामुळे तिथला अंदाज इथे वापरू नका.

७. घरी बोलावल्यावर

बार्बेक्यूच्या आमंत्रणावर ‘ब्रिंग अ प्लेट’ असे लिहिलेले असेल, तर सर्वांना वाटता येईल असा खाण्याचा पदार्थ घेऊन जायचे असते. रिकामी प्लेट घेऊन आलेल्या नवागतांच्या हकिगती इथे प्रत्येकाकडे आहेत. ‘बीवायओ’ म्हणजे आपले पेय आपण आणणे. काहीच लिहिलेले नसले तरी ‘काय आणू?’ असे विचारावे, आणि ‘काही नको’ असे उत्तर आले तरी एखादी बाटली, फुले किंवा गोड पदार्थ न्यावा. मी पहिल्यांदा कोथिंबीर वडी नेली होती; तेव्हापासून तीच मागितली जाते. भेट महागडी असू नये, कारण यजमानाला परतफेडीचे ओझे वाटते. कपडे साधे चालतात, आणि जेवणानंतर भांडी उचलायला हात लावणे पाहुण्यालाही शोभते.

८. टिप आणि टॅक्सी

टिपची अपेक्षा नसते. अमेरिकेत टिपवर काम करणाऱ्यांसाठी केंद्रीय किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, म्हणून तिथे टिप न देणे हा अन्याय ठरतो. इथे १ जुलै २०२५ला राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाले आणि जेवण वाढणारी व्यक्ती कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसते. चांगल्या जेवणानंतर काही ठेवले तर स्वीकारतात; कार्डाच्या मशीनवर टिपचा पर्याय आला तर तो निःसंकोच वगळावा. लिहिलेल्या किमतीत १० टक्के जीएसटी धरलेला असतो. टॅक्सीत एकट्या प्रवाशाने पुढे, चालकाशेजारी बसणे ही जुनी पद्धत आहे. आता अनेक जण मागेही बसतात, पण चालकाशी दोन शब्द बोलणे अजून रीतीचेच आहे.

९. जिथे आवाज खाली आणायचा असतो

बहुतेक औपचारिक कार्यक्रमांच्या सुरुवातीला त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा उल्लेख होतो. ‘वेलकम टू कंट्री’ हे स्वागत फक्त त्या भूमीच्या पारंपरिक मालकांपैकीच कोणी, बहुधा ज्येष्ठ व्यक्ती, करू शकते. ‘अॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’, म्हणजे नुसता आदराचा उल्लेख, कोणीही करू शकतो. कार्यक्रम तुमच्याकडे असेल तर यजमानांना आधी विचारा आणि तिथल्या मूळ समाजाच्या नावाचा उच्चार घटवून घ्या: सिडनीच्या मध्यभागी गॅडिगल, मेलबर्नच्या बऱ्याच भागात वुरुंजेरी. या वेळी फोन खाली ठेवावा. ‘अॅबोरिजिनी’ हा जुना शब्द टाळून ‘अॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोक’ असे म्हणावे. त्याचे लघुरूप तर उघड अपमान आहे. सरकारी धोरणाने आईवडिलांपासून तोडलेल्या मूळ रहिवाशांच्या मुलांच्या पिढ्यांची पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. मूळ रहिवाशांच्या सल्लागार मंडळाला घटनेत स्थान देण्याचा प्रस्ताव मात्र १४ ऑक्टोबर २०२३च्या सार्वमतात फेटाळला गेला. २६ जानेवारी, म्हणजे ब्रिटिश वसाहत सुरू झाली तो दिवस, हा कोणासाठी राष्ट्रीय दिन, तर कोणासाठी आक्रमणाचा दिवस आहे. पाहुण्याने या विषयांवर निकाल देऊ नये, ऐकून घ्यावे.

२५ एप्रिल, अँझॅक डे, हा पहिल्या महायुद्धात, १९१५मध्ये, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे सैन्य उतरले त्याचा स्मरणदिन. पहाटेच्या अंधारात लोक स्मारकापाशी उभे राहतात, बिगुल वाजते, कोणी टाळ्या वाजवत नाही. अमेरिकेतल्यासारखे ‘तुमच्या सेवेबद्दल आभार’ असे अनोळखी माजी सैनिकाला म्हणण्याची पद्धत नाही. कोटावर रोझमेरीची डहाळी लावून शांत उभे राहणे पुरेसे असते. अमेरिकन माणसाला जोडून घेण्यासारखी एक गोष्ट इथे आहे: ४ जुलै १९१८ला फ्रान्समधल्या आमेलच्या लढाईत ऑस्ट्रेलियन जनरल मोनॅश यांच्या हाताखाली अमेरिकन सैनिक ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या बरोबरीने लढले होते. त्याऐवजी ‘दुसऱ्या महायुद्धात आम्ही तुम्हाला वाचवले’ हे वाक्य तोंडून गेले, तर संध्याकाळ तिथेच संपते.

बंदुकांचा विषयही जपून काढावा. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे एका बंदूकधाऱ्याच्या गोळीबारात ३५ माणसे मारली गेली, आणि त्यानंतर आलेले कडक कायदे इथल्या बहुसंख्य लोकांना अभिमानाचे वाटतात. धर्माविषयी आपणहून विचारू नये, २०२१मध्ये ३८.९ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असे नोंदवले होते, आणि श्रद्धाळू माणसेही ती गोष्ट खाजगी ठेवतात.

१०. चूक झाल्यावर

चूक लक्षात आली की एकदा, थोडक्यात ‘सॉरी’ म्हणावे. समोरून ‘नो वरीज’ आले की विषय मिटला असे समजून पुढे जावे. लांबलचक माफीचा ईमेल पाठवला, तर समोरच्याला उलट तुमचे सांत्वन करावे लागते. शब्दांपेक्षा पुढची कृती जास्त बोलते.

फेरी न घेता निघून गेलेल्या त्या सहकाऱ्याला मी सोमवारी कॉफी घेताना शाउटचा अर्थ समजावून सांगितला. त्याचा चेहरा उतरला आणि त्याने तिघांनाही लिहायचे ठरवले. मी त्याला थांबवले. पुढच्या शुक्रवारी पबमध्ये शिरताच त्याने कोट खुर्चीला अडकवला, बसण्याआधीच ‘कोणाला काय?’ असे विचारले आणि दोन्ही हातांत ग्लास सांभाळत काउंटरवरून दोन खेपा केल्या. मागच्या आठवड्याचा उल्लेख कोणीही केला नाही. शेजारच्याने ग्लास उचलला, एक घोट घेतला, आणि त्याला विचारले की फुटबॉलच्या टिपिंगमध्ये, म्हणजे सामन्यांचे निकाल ओळखण्याच्या ऑफिसातल्या खेळात, त्याचे नाव अजून का लिहिलेले नाही.